जाणूनबुजून केलेली डोळेझाक आणि गुन्हेगारी हेतू

फौजदारी खटल्यात आरोपीने कृत्य केले एवढे दाखवून सहसा भागत नाही. त्यामागचे दोषी मनही सिद्ध करावे लागते. मग खरी गोष्ट आपल्याला कळूच नये अशी तजवीज ज्याने स्वतःच केली, त्याच्या अज्ञानाला किती किंमत द्यायची? इंग्लंडमध्ये १८६१ साली स्लीप नावाच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. त्याने जहाजाने पाठवलेल्या तांब्याच्या मालात सरकारी मालकीची बाणाची खूण असलेले काही तुकडे सापडले. त्याला ते ठाऊक होते असा पुरेसा पुरावा नाही, पण कळून घेण्याचा मार्ग त्याला मोकळा होता, असे ज्युरीचे मत पडले. वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मात्र न्यायमूर्ती विल्स यांनी नोंदवले की, आरोपीला माहिती होती किंवा ती मिळवण्याचे त्याने मुद्दाम टाळले, यांपैकी काहीच ज्युरीने म्हटलेले नाही. यातल्या दुसऱ्या पर्यायातून पुढचे सारे तत्त्व वाढले.

अमेरिकेत त्याची खरी कसोटी लागली ती १९७६ मधील ज्युएल खटल्यात. तिहुआना येथे एका अनोळखी माणसाने मोटार सीमेपार नेण्यासाठी ज्युएलला १०० डॉलर देऊ केले. त्याने पुढचा कप्पा, आसनाखालची जागा आणि डिकी तपासली. डिकीतली पोकळी दिसूनही तिच्यात काय आहे हे त्याने पाहिले नाही. तिथे ११० पौंड गांजा होता. शिक्षा कायम झाली, पण न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी भिन्नमत नोंदवले: वस्तुस्थिती तशी असण्याची दाट शक्यता आरोपीला जाणवली होती का, आणि ती तशी नाही असे तो मनापासून मानत होता का, हे ज्युरीला नीट सांगितलेच गेले नव्हते. मला हा आक्षेप रास्त वाटतो, कारण ही अट गळाली की निव्वळ निष्काळजी माणूसही गुन्हेगार ठरू शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, तेही तळणयंत्राच्या पेटंटच्या दिवाणी वादात, दोन अटी स्पष्ट केल्या: दाट शक्यतेची खरीखुरी जाणीव हवी आणि सत्य टाळण्यासाठी जाणीवपूर्वक केलेली कृती हवी. त्या प्रकरणातील कंपनीने दुसऱ्याच्या यंत्राची नक्कल करून पेटंट-वकिलाचे मत मागवले होते, पण नक्कल केल्याचे त्याला सांगितले नव्हते. या निकालातही केनेडी यांनी भिन्नमत नोंदवले, आणि इथे ते एकटेच होते. डोळेझाक म्हणजे ज्ञान नव्हे, असे त्यांनी मांडले.

भारतात १८६० च्या दंड संहितेने वेगळी वाट धरली होती. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तो चोरीचा असल्याचे माहीत असणे किंवा तसे मानण्यास पुरेसे कारण असणे, यांपैकी एक गोष्ट तिला पुरेशी होती. त्यामुळे रात्री दारात आलेली तांब्याची तार पावती न विचारता निम्म्या भावात घेणाऱ्या भंगारवाल्याने मुद्दाम डोळे मिटले होते का, हे शोधत बसण्याची गरज न्यायालयाला बहुधा पडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्येही हीच शब्दयोजना कायम आहे.