द गोल्डन कंपास : वादग्रस्त कादंबरीमालेवरचा सिनेमा

द गोल्डन कंपास हा डिसेंबर २००७ मध्ये आलेला इंग्रजी फँटसी सिनेमा. फिलिप पुलमन या ब्रिटिश लेखकाच्या हिज डार्क मटेरियल्स या तीन कादंबऱ्यांच्या मालेतल्या पहिल्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. न्यू लाइन सिनेमा या अमेरिकन कंपनीने साधारण १८ कोटी डॉलर खर्चून तो बनवला, तिन्ही पुस्तकांवर तीन सिनेमे काढायचे असा बेत होता, पण पहिल्यावरच गाडी थांबली. चर्चच्या विरोधामुळे सिनेमा बुडाला असं सर्रास सांगितलं जातं. विरोध झाला हे खरंच आहे, पण विरोध होईल या धास्तीने सिनेमावाल्यांनी गोष्टीतून आधीच जे काढून टाकलं त्याने सिनेमाचं जास्त नुकसान झालं, आणि हे पुस्तक वाचून मग सिनेमा बघितला की लगेच लक्षात येतं.

मूळ पुस्तकं

पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये १९९५ साली नॉर्दर्न लाइट्स या नावाने आलं, अमेरिकेतल्या प्रकाशकाने त्याचं नाव द गोल्डन कंपास केलं आणि सिनेमाने तेच उचललं. दुसरं द सटल नाइफ १९९७ मध्ये, तिसरं द अँबर स्पायग्लास २००० मध्ये. पहिल्याला ब्रिटनमधलं बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालं, आणि तिसऱ्याला २००१ चं व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर, जे त्याआधी मुलांच्या कुठल्याच पुस्तकाला मिळालं नव्हतं.

गोष्ट आहे लायरा नावाच्या मुलीची. तिचं जग आपल्यासारखंच, ऑक्सफर्डही आहे, पण तिथे प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर प्राण्याच्या रूपात सोबत असतो, त्याला डीमन म्हणतात. मूल लहान असेपर्यंत डीमन सारखा रूप बदलतो, घडीत उंदीर घडीत पाखरू, आणि मूल वयात आलं की त्याचं एकच रूप कायम होतं. या जगावर मॅजिस्टेरियम नावाच्या धर्मसत्तेची हुकूमत आहे. पुलमनने इथे इतिहासालाच वळण दिलंय, त्या जगात जॉन कॅल्व्हिन हा प्रोटेस्टंट धर्मसुधारक स्वतःच पोप झाला आणि पोपची गादी जिनिव्हाला गेली, म्हणजे ही धर्मसत्ता सरळसरळ आजचं कॅथलिक चर्च नाहीये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांची सरमिसळ आहे. डस्ट नावाचे अदृश्य कण मोठ्यांवर जमतात, मुलांवर जमत नाहीत, आणि मॅजिस्टेरियमच्या मते ही डस्ट म्हणजे आदिपापाचा, आदाम आणि हव्वाने देवाने मना केलेलं फळ खाल्लं त्या पहिल्या पापाचा, पुरावा. म्हणून गोरगरिबांची मुलं पळवून उत्तरेला बर्फात बोलव्हँगर नावाच्या ठिकाणी नेतात आणि तिथे मूल आणि डीमन यांना कापून वेगळं करतात, म्हणजे पाप चिकटायच्या आतच मामला मिटवायचा.

वादाचं मूळ हेच आहे. पुलमनचं म्हणणं असं की आदाम आणि हव्वाने फळ खाल्लं ही माणसाची घसरण नव्हती, तिथून माणूस मोठा व्हायला लागला. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे लायराचा बाप लॉर्ड एस्रिएल तिला बायबलमधला तो भाग वाचून दाखवतो, त्यांच्या बायबलात फळ खाल्ल्यावर डीमनचं खरं रूप दिसेल असं साप हव्वाला सांगतो. तिसऱ्या पुस्तकात तर ईश्वर म्हणवणारी ऑथॉरिटीच मरते. २००३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन पेपरच्या मुलाखतीत पुलमन म्हणाला की माझी पुस्तकं देवाला मारण्याबद्दल आहेत, आणि हे एक वाक्य पुढे वर्षानुवर्षं त्याच्या विरोधकांनी पुन्हा पुन्हा छापलं. पण पुस्तकात तो प्रसंग प्रत्यक्ष कसा येतो हे फार कमी लोक सांगतात. ऑथॉरिटी तिथे एक अतिशय जर्जर, भेदरलेला म्हातारा आहे, स्फटिकाच्या पालखीत कोंडलेला, त्याच्या नावाने दुसरेच राज्य करतायत. लायरा आणि विल ही दोन मुलं त्याची दया येऊन त्याला बाहेर काढायला मदत करतात आणि वाऱ्याचा झोत लागताच तो सुटल्यासारखा विरून जातो. द्वेषाने कुणी कुणाला मारत नाही.

अमेरिकन आवृत्तीत तिसऱ्या पुस्तकातल्या लायरा वयात येतानाच्या काही ओळी गाळल्या गेल्या, म्हणजे कात्री सिनेमाच्या आधीपासूनच चालू होती.

पटकथेचा प्रवास

हक्क न्यू लाइनने २००२ मध्ये घेतले, लॉर्ड ऑफ द रिंग्जचं यश ताजं होतं आणि त्यांना पुढची मोठी माला हवीच होती. आधी नाटककार टॉम स्टॉपर्डकडून पटकथा लिहून घेतली. मग क्रिस वाइट्झ या दिग्दर्शकाने कुणी मागितलेलं नसताना ४० पानांचा आराखडा पाठवला, तो पसंत पडला आणि काम त्याला मिळालं, स्टॉपर्डची पटकथा बाजूला पडली. डिसेंबर २००४ मध्ये एवढ्या मोठ्या तांत्रिक कामाचा आवाका झेपणार नाही म्हणून वाइट्झ बाहेर पडला, त्याच्या जागी आनंद टकर आला, त्याचंही निर्मात्यांशी पटलं नाही, आणि २००६ मध्ये वाइट्झच परत आला.

वाइट्झने २००४ मध्येच मोकळेपणाने सांगून टाकलं होतं की सिनेमा धर्मविरोधी दिसला तर पैसा परत येणार नाही अशी स्टुडिओला काळजी आहे, त्यामुळे ऑथॉरिटी म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्यावर टाच आणणारी कुठलीही सत्ता असं दाखवता येईल. पुलमनची त्याला हरकत नव्हती. कागदावर हे पटण्यासारखं वाटतं, हुकूमशाही काय फक्त धर्माचीच असते का. पण या गोष्टीत मुलांना कापण्यामागचं कारणच आदिपाप आहे, ते कारण पुसट केलं की मॅजिस्टेरियमवाले हे सगळं का करतायत याचं उत्तरच उरत नाही, ते नुसते काळे कपडे घातलेले दुष्ट लोक होऊन बसतात. सिनेमात मॅजिस्टेरियमसाठी काम करणारी मिसेस कूल्टर लायराला सांगते खरं की फार पूर्वी आपल्या पूर्वजांनी एक मोठी चूक केली आणि तिथून डस्ट आली, पण कसली चूक, कुणाची, हे ज्याने पुस्तक वाचलंय त्यालाच कळतं. वर सुरुवातीलाच सेराफिना पेक्काला या चेटकिणीच्या आवाजात डीमन, डस्ट, समांतर जगं सगळं भराभर सांगून टाकलंय, जे पुस्तकात लायराच्या बरोबरीने आपल्याला हळूहळू उमगत जातं.

काय गेलं

वाद एका बाजूला ठेवला तरी एक जागा अशी आहे जिथे सिनेमाने नक्की काय गमावलं ते स्वच्छ दिसतं. पुस्तकात लायराला उत्तरेतल्या एका गावात, सुके मासे ठेवायच्या खोपटात टोनी मकारियोस नावाचा पोरगा सापडतो. त्याचा डीमन कापून टाकलाय. त्याच्या डीमनचं नाव रॅटर, आणि त्या रॅटरच्या जागी तो एक सुका मासा छातीशी घट्ट धरून बसलाय. रात्रीत तो मरतो. सकाळी कळतं की माणसांनी तो मासा काढून कुत्र्यांना घातला, लायरा संतापून ओरडते, मग एका सोन्याच्या नाण्यावर सुरीने रॅटर हे नाव कोरते आणि ते नाणं त्याच्या तोंडात ठेवते, निदान जाताना डीमनचं नाव तरी बरोबर असावं. दीड-दोन पानांत ती सगळी यंत्रणा किती भयंकर आहे हे कुठलंही भाषण न देता कळतं. सिनेमात त्या खोपटात टोनीऐवजी बिली कॉस्टा हा दुसराच मुलगा सापडतो, तो रॅटर कुठेय असं विचारतो, आणि लायरा त्याला जिवंत त्याच्या आईकडे घेऊन येते. मासा नाही, मरण नाही, नाणं नाही.

शेवटाचंही तसंच. पुस्तकाच्या शेवटी लायरा तिच्या मित्राला, रॉजरला, इतक्या लांबून सोडवून आणते आणि नकळत त्याला एस्रिएलच्याच हाती देते, एस्रिएल रॉजरला त्याच्या डीमनपासून तोडतो आणि त्या झटक्यातून निघालेल्या ताकदीवर दुसऱ्या जगाकडे जायचा पूल उघडतो. ज्याला आपण चांगला समजत होतो तो मॅजिस्टेरियमसारखंच वागतो! हा शेवट चित्रित झाला होता, त्यातली दृश्यं ट्रेलरमध्येही होती, पण प्रदर्शनाच्या तोंडावर शेवटची तीन प्रकरणं काढून पुढच्या भागासाठी राखून ठेवायचं ठरलं आणि सिनेमा लायरा आणि रॉजर फुग्याच्या विमानातून आशेने उत्तरेकडे निघालेत इथेच संपवला. पुढचा भाग आलाच नाही. बोलव्हँगरचा प्रसंग आणि गोष्टीतल्या चिलखती अस्वलांची लढाई यांचा क्रमही उलटा केला होता तो यासाठीच, म्हणजे शेवटाला मोठी मारामारी मिळावी. ११३ मिनिटांत हे सगळं उरकलंय. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ मध्ये या तीन पुस्तकांचं नाटक केलं ते दोन भागांत मिळून सहा तासांचं होतं आणि त्यांनी धर्माचा विषय टाळला नव्हता. त्याच नाट्यगृहात मार्च २००४ मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, रोवन विल्यम्स यांनी पुलमनशी जाहीर चर्चा केली, आणि ही पुस्तकं शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला वाचावीत असंही त्यांनी सुचवलं होतं.

विरोध

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, पुस्तिका काढली. त्यांचा मुद्दा असा की सिनेमा सौम्य केलाय हे आम्हालाही माहीत आहे, पण सिनेमा आवडला की आईबाप नाताळात मुलांना पुस्तकं घेऊन देणार आणि खरं विष पुस्तकांत आहे. म्हणजे सिनेमातून किती काढलं याने त्यांना काही फरकच पडणार नव्हता. शिवाय मॅजिस्टेरियम हे नाव तसंच ठेवलं होतं, आणि कॅथलिक चर्चमध्ये धर्मशिकवणुकीच्या अधिकाराला हाच शब्द आहे, त्यामुळे रोख कुणावर आहे हे कॅथलिकांना सांगावं लागलं नाही. कॅनडात ओंटारियोमधल्या हॅल्टन कॅथलिक शाळा मंडळाने पुस्तकं कपाटातून काढली. अमेरिकन बिशपांच्या परिषदेच्या समीक्षकांनी सिनेमाबद्दल चांगलं लिहिलं तर काही दिवसांत ते परीक्षणच मागे घेतलं गेलं. व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानेही टीका केली. दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्या नॅशनल सेक्युलर सोसायटीने, जिचा पुलमन स्वतः मानद सहयोगी होता, गोष्टीचा गाभाच काढून टाकला म्हणून नाराजी जाहीर केली. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेले आणि दोन्हींकडचे लोक दुरावले.

पैसा

अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेर २ कोटी ५८ लाख डॉलर आणि एकूण फक्त ७ कोटी. पण बाकी जगात ३० कोटींच्या वर! जगभरची कमाई ३७ कोटी डॉलर, हे काही पडलेल्या सिनेमाचे आकडे नाहीत. गोम अशी की खर्च भागवायला न्यू लाइनने परदेशातले हक्क आधीच विकून टाकले होते, त्यामुळे बाहेरचा पैसा तिकडच्या वितरकांकडे गेला आणि कंपनीच्या पदरात मुख्यतः अमेरिकेचाच गल्ला आला. फेब्रुवारी २००८ च्या शेवटी न्यू लाइन वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन झाली. दुसऱ्या भागाची पटकथा हुसेन अमिनीकडून लिहून घेतली होती, ती पडून राहिली. सॅम इलियट या नटाने, ज्याने ली स्कोर्सबी या फुग्याच्या विमानवाल्याचं काम केलं होतं, नंतर याचं खापर चर्चवर फोडलं. पण चर्चचं वजन असलेल्या इतर देशांतही सिनेमा चालला होता, त्यामुळे हक्कांचा व्यवहार बाजूला ठेवून सगळं चर्चवर ढकलणं मला पटत नाही.

विलीनीकरणाच्या जेमतेम काही दिवस आधी सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेही ट्रान्सफॉर्मर्सला मागे टाकून. चिलखती अस्वल योरेकचं काम लंडनच्या फ्रेमस्टोरने केलं आणि डीमनांचं बरंचसं काम ऱ्हिदम अँड ह्यूजने, ज्यांचा मुंबईतही स्टुडिओ होता आणि तिथल्या आपल्या आर्टिस्ट लोकांचाही या कामाला हात लागला होता. पडद्यावर त्या अस्वलाच्या केसांत अडकलेला बर्फ बघा आणि इतक्या वर्षांत किती गोष्टी जुन्या दिसायला लागल्या ते आठवा, हे काम अजून टिकून आहे. नटही चुकीचे नव्हते, निकोल किडमनची मिसेस कूल्टर अंगावर येते आणि हजारो मुलींतून निवडलेली डकोटा ब्लू रिचर्ड्स लायरा म्हणून शोभून दिसते.

टीव्हीवर

बीबीसी आणि एचबीओची मालिका ३ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली, कार्डिफच्या बॅड वुल्फ कंपनीने केलेली, जॅक थॉर्नने लिहिलेली, डॅफ्ने कीन लायरा आणि रूथ विल्सन मिसेस कूल्टर. तीन सीझन, २३ भाग, दुसऱ्या सीझनचा एक भाग कोविडमुळे गेला. निर्माती जेन ट्रँटरने सुरू व्हायच्या आधी सांगितलं होतं की पुलमनचा हल्ला श्रद्धेवर नाही, माणसांना दाबणाऱ्या संस्थेवर आहे, म्हणजे शब्द जपूनच वापरले होते, पण गोष्टीतून काही काढलं नाही. रॉजरचं मरण पहिल्या सीझनच्या शेवटी पुस्तकात आहे तसं आलं, आदिपापाचं बोलणं आलं, आणि २०२२ च्या तिसऱ्या सीझनमध्ये स्फटिकातला म्हातारा आणि त्याचं विरून जाणंही दाखवलं. २००७ सारखा गदारोळ काही झाला नाही. उणीव एकच, पैसे वाचवायला डीमन कमी दाखवले, गर्दीच्या सीनमध्ये तर अनेक माणसं डीमनशिवायच फिरताना दिसतात, आणि ज्या जगात डीमन नसलेला माणूस बघून लोकांचा थरकाप उडतो तिथे हे फार खटकतं. त्या एका बाबतीत सिनेमा अजूनही मालिकेच्या पुढे आहे.