ब्रेदरन म्हणजे नक्की कोण? डहाणूच्या मिशनमागची तीनशे वर्षांची गोष्ट

डहाणू, पालघर, वाडा या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ‘मिशन’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. डहाणू रोडचं मिशन हॉस्पिटल तिकडच्या कितीतरी घरांच्या आठवणीत आहे. पण ते मिशन ज्यांनी उभं केलं ते ब्रेदरन नक्की कोण असं विचारलं की बहुतेक जण ‘ख्रिश्चनांमधला एक पंथ’ एवढं सांगून थांबतात. आणि खुद्द त्या पंथातली माणसंसुद्धा हाच प्रश्न तीनशे वर्षं एकमेकांना विचारत आलीयत, आजही विचारतायत, म्हणून थोडी मागची गोष्ट लिहावीशी वाटली.

आधी एक घोळ मिटवून टाकू. केरळात, मुंबईत ‘ब्रेदरन असेंब्ली’ म्हणून ज्या मंडळ्या भरतात त्या वेगळ्या, त्यांचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंड-इंग्लंडमधला. मी लिहितोय ते चर्च ऑफ द ब्रेदरनबद्दल, हे मूळचे जर्मन.

जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध संपलं ते १६४८ मध्ये, आणि तहात ठरलं की कॅथलिक, लुथरन आणि रिफॉर्म्ड हे तीनच पंथ कायद्याने चालतील. तुमचा राजा किंवा सरदार ज्या पंथाचा त्या पंथाच्या चर्चमध्ये तुमच्या बाळाचा बाप्तिस्मा होणार, त्याच चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव चढणार, आणि मोठेपणी कुणी म्हणालं की मला आता कळतंय तर मी माझ्या मर्जीने पुन्हा बाप्तिस्मा घेतो, तर तो सरळ गुन्हा. हायडेलबर्गजवळच्या श्रीसहाइम गावात अलेक्झांडर मॅक नावाचा एक गिरणीवाला होता, घरची पिढीजात पिठाची गिरणी, खाऊनपिऊन सुखी माणूस, पण त्याच्या मनात नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचं, वाचन असं काही बसलं की त्याने ते सगळं सोडलं आणि विट्गेनस्टाइनच्या मुलखात श्वार्त्सेनाऊ या खेड्यात येऊन राहिला, कारण तिथला सरदार वेगळ्या मताच्या लोकांना आसरा देत होता.

१७०८ च्या उन्हाळ्यात मॅक आणि आणखी सात जण, म्हणजे एकूण पाच पुरुष आणि तीन बायका, एडर नदीवर गेले. आता प्रश्न असा की पहिला बाप्तिस्मा देणार कोण, कारण मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा त्यांच्यातल्या एकाचाही झालेला नव्हता. मग चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याने मॅकला पाण्यात गुडघ्यावर बसवून पुढच्या बाजूने तीनदा बुडवलं, पित्याच्या नावाने एकदा, पुत्राच्या नावाने एकदा, पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा, आणि मग मॅकने बाकीच्या सातांना बाप्तिस्मा दिला. आणि या आठ जणांनी एकमेकांना शब्द दिला की चिठ्ठीत नाव कुणाचं निघालं होतं ते कधीच कुणाला सांगायचं नाही. त्यांनी तो शब्द पाळला, आजतागायत ते नाव कुणाला ठाऊक नाही. पुढे कुणी त्या माणसाला संस्थापक करून त्याच्या नावाने पंथ चालवू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त भिडते, कारण पुढचं जे काही चांगलं-वाईट झालं त्याची मुळं मला इथेच दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी विश्वासांगीकार लिहिला नाही. बाकीच्या पंथांकडे आमचा विश्वास अमुक-अमुक अशी लेखी कलमं असतात, हे म्हणाले नवा करार आहे ना, तोच आमचा लेखी कागद. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात याचा किस्सा दिलाय. त्याने एका डंकर माणसाला (पाण्यात बुडवणारे म्हणून लोक यांना डंकर म्हणायचे, हा माणूस यांच्यातून फुटून निघालेल्या एफ्राटाच्या गटातला होता) सल्ला दिला की लोक तुमच्याबद्दल काहीबाही पसरवतात, तर तुमची मतं एकदा छापूनच टाका. तो म्हणाला, देवाने आम्हाला हळूहळू उजेड दाखवलाय, आधी जे खरं वाटत होतं ते नंतर चूक निघालंय, आज छापलं तर आम्ही आणि आमच्या मागून येणारे त्याच कागदाला बांधले जाऊ. फ्रँकलिनला या नम्रतेचं फार कौतुक वाटलं, आणि वाटणारच.

पण मग संस्थापकाचं नाव मिरवायचं नाही, मतं कागदावर आणायची नाहीत, तर आपण कोण हे ओळखायचं कशावरून? जे करतो त्यावरून. शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचं नाही, कोर्टात जायचं नाही, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायची आणि प्रेमभोजन करायचं. हे प्रेमभोजन पवित्र सप्ताहातल्या (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या) गुरुवारी संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी अजूनही होतं. लांबलचक टेबलं मांडलेली असतात, पुरुष एकीकडे बायका एकीकडे, कोमट पाण्याचं घमेलं येतं, एक जण कमरेला लांब टॉवेल बांधतो, शेजाऱ्याचा पाय हातात घेऊन धुतो, त्याच टॉवेलने पुसतो, दोघं उठून मिठी मारतात, मग धुतलेला माणूस तो टॉवेल आपल्या कमरेला बांधून पुढच्याकडे वळतो. त्यानंतर जेवण, जुन्या पद्धतीत बीफचा रस्सा आणि त्यात भिजवलेला पाव एकाच वाडग्यातून, आणि शेवटी बिनखमिराच्या भाकरीच्या पट्ट्या शेजाऱ्यासोबत मोडून खायच्या. नव्या करारातल्या योहानाच्या पुस्तकात तेराव्या अध्यायात आहे तसं, जसंच्या तसं. ज्या शेजाऱ्याशी भांडण आहे त्याचा पाय हातात घेऊन बसणं किती अवघड असेल ते ज्याने त्याने मनात आणून बघावं, म्हणून प्रेमभोजनाआधी भांडणं मिटवून यायचं अशी रीत होती.

छळामुळे आणि गरिबीमुळे हे लोक जर्मनीत टिकले नाहीत. १७१९ मध्ये पीटर बेकरबरोबर एक गट पेनसिल्व्हेनियाला गेला, मॅकची माणसं आधी हॉलंडच्या फ्रिसलँडला आणि १७२९ मध्ये तीही अमेरिकेला. तिथे जर्मनटाउनला १७२३ च्या नाताळच्या दिवशी विसाहिकन ओढ्याच्या थंड पाण्यात पहिले बाप्तिस्मे झाले. त्याच गावात ख्रिस्तोफर सावरचा छापखाना होता, १७४३ साली त्याने जर्मन बायबल छापलं, अमेरिकेत युरोपीय भाषेतलं ते पहिलंच. देवाच्या गौरवासाठी आणि शेजाऱ्याच्या भल्यासाठी, असं त्या छापखान्याचं ब्रीद. त्याच्याच नावाचा मुलगा ब्रेदरन मंडळीत एल्डर, म्हणजे नेमलेला पुढारी, होता, अमेरिकन क्रांतीत त्याने नव्या सरकारची शपथ घेतली नाही म्हणून १७७८ मध्ये त्याला पकडलं, दाढी कापून हाल केले आणि छापखान्यासकट सगळी मालमत्ता लिलावात काढली. या लोकांनी १७८२ मध्येच आपल्या सभेत ठरवून टाकलं होतं की मंडळीतल्या कुणीही गुलाम ठेवायचा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्जिनियातला जॉन क्लाइन, पंथाच्या वार्षिक सभेचा मॉडरेटर (अध्यक्ष) आणि झाडपाल्याची औषधं देणारा माणूस, दोन्ही बाजूंच्या हद्दीतून घोड्यावरून ये-जा करत राहिला, मंडळ्यांना भेटायला आणि आजाऱ्यांना बघायला, आणि जून १८६४ मध्ये घराजवळच त्याला गोळ्या घातल्या.

बाहेरून असा त्रास होता तोवर आतली एकी टिकली. पुढे शेतकरी ब्रेदरन पश्चिमेकडे पसरले, मुलं इंग्रजी बोलायला लागली, आणि तेव्हा खरे वाद सुरू झाले. संडे स्कूल चालेल का, कॉलेज काढायचं का, पगारी पाळक ठेवायचा का, परदेशात मिशनरी पाठवायचे का, बायकांनी कुठली टोपी घालायची आणि पुरुषांनी कोटाला कॉलर ठेवायची का, एवढंच काय पाय धुताना एकाने धुवायचे आणि दुसऱ्याने पुसायचे की एकानेच दोन्ही करायचं यावरसुद्धा मंडळ्या अडून बसल्या. आज वाचताना हे फार बारीक वाटतं, पण ज्यांची ओळखच करण्यावर उभी आहे त्यांना टॉवेल कुणाच्या हातात हा प्रश्न बारीक नसतो. १८८१ मध्ये जुन्या वळणाचे लोक वेगळे झाले, १८८२ मध्ये सुधारणेचा आग्रह धरणाऱ्या हेन्री होल्सिंगरला सभेने बाहेर काढलं, १८८३ मध्ये त्याच्या बाजूच्यांनी आपलं वेगळं चर्च काढलं. मधे उरले त्यांचं नाव जर्मन बॅप्टिस्ट ब्रेदरन, आणि १९०८ मध्ये, दोनशे वर्षं झाली तेव्हा, ते बदलून चर्च ऑफ द ब्रेदरन केलं. १९११ मध्ये साध्या पोशाखाची सक्तीसुद्धा सैल झाली.

याच मधल्या गटाने भारतात माणसं पाठवली. १८९४ मध्ये विल्बर आणि मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन निघाले आणि बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, येऊन राहिले. पाचेक वर्षांत संवत १९५६ चा तो भयंकर दुष्काळ पडला, गुजराती लोक ज्याला छप्पनियो म्हणतात, आणि धर्मोपदेशाला आलेली ही माणसं धान्य वाटण्यात आणि अनाथ पोरं सांभाळण्यात गुंतून गेली. तिथून काम खाली आपल्याकडे सरकलं, डहाणू, वाडा, पालघर. गुजराती मंडळ्यांचा फर्स्ट डिस्ट्रिक्ट आणि मराठी मंडळ्यांचा सेकंड डिस्ट्रिक्ट अशी मांडणी झाली. शाळा, दवाखाने, शेतीचं शिक्षण, आणि भिल्ल, वारली अशा आदिवासी वस्त्यांत जाणं. त्यातल्या कितीतरी लोकांना आपण ब्रेदरन म्हणजे जर्मनीतल्या कुठल्या नदीचे वारस हे माहीतही नसेल, त्यांना माहीत होतं ते औषध देणारं मिशन.

अमेरिकेत दरम्यान युद्धाचा प्रश्न आला. १९३५ च्या वार्षिक सभेने सगळं युद्ध पाप आहे असा ठराव केला, पण दुसऱ्या महायुद्धात बोलावणं आलेल्या ब्रेदरन तरुणांपैकी बहुतेकांनी सैन्याचा गणवेश घातला, नकार देणारे थोडेच निघाले. घराघरात ही जखम राहिली. त्याच काळात इंडियानाचा शेतकरी डॅन वेस्ट स्पेनच्या यादवीत पोरांना दुधाची पावडर वाटून आला होता, पावडर कमी आणि पोरं जास्त, आणि त्याला वाटलं की पेलाभर दूध देण्यापेक्षा गाय दिलेली बरी. १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कहून १७ कालवडी पोर्टो रिकोला रवाना झाल्या. अट एकच, पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजू घराला द्यायची. म्हणजे घेणारा देणारा होतो, हातातला टॉवेल पुढच्याकडे जातो तसंच. तीच आजची हेफर इंटरनॅशनल ही संस्था (हेफर म्हणजे कालवड), आता ती पंथाची राहिलेली नाही.

भारतात १९७० मध्ये मोठा वळणबिंदू आला. २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ब्रेदरन हे अगदी छोटे. नव्या चर्चने लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले. एका अर्थाने हे ब्रेदरन मनाला धरूनच होतं, फाटाफूट संपवून भावंडांनी एका ताटात जेवावं, आणि दुसऱ्या अर्थाने ज्या एका गोष्टीसाठी ती आठ माणसं नदीत उतरली होती तीच आता ऐच्छिक झाली. गुजरातमधले बरेच लोक नंतर बाहेर पडले, आम्ही ब्रेदरनच आहोत म्हणाले, आणि मग चर्चच्या इमारती, जमिनी, ट्रस्ट कुणाचे यावर केस सुरू झाल्या. बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट, सोसायटी रजिस्ट्रेशन, चॅरिटी कमिशनर असं करत मामला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१३ मध्ये कोर्टाने फर्स्ट डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे बाहेर पडलेल्यांच्या, बाजूने निकाल दिला, की विश्वासाने एकत्र येणं वेगळं आणि ट्रस्टची मालमत्ता कायद्याने दुसऱ्याकडे जाणं वेगळं. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती असं मला वाटतं. तरी कोर्टात जायचं नाही म्हणणाऱ्या पूर्वजांच्या नातवंडांनी चाळीस वर्षं तारखा मोजल्या याचं मनापासून वाईट वाटतं. अमेरिकेतल्या मंडळीने पुढे दोघांशीही नातं ठेवलं.

नायजेरियात अगदी उलट झालं. १९२३ मध्ये गारकिडाला चिंचेच्या झाडाखाली पहिली उपासना झाली, आणि आज तिथलं चर्च मूळ अमेरिकन चर्चपेक्षा कितीतरी मोठं आहे. त्यांनी नाव घेतलं एक्लेसियार यानउवा, हाउसा भाषेत यानउवा म्हणजे एकाच आईची लेकरं. ‘ब्रेदरन’मध्ये जो फक्त भावांचा अर्थ येतो त्यात बहिणी कुठे हा प्रश्न इंग्रजीत लोक अजून घोळवतायत, हाउसात तो उरतच नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये चिबोकच्या शाळेतून बोको हरामने २७६ मुली पळवल्या त्यातल्या बहुतेक याच चर्चच्या घरातल्या, त्याच वर्षी त्यांचं क्वारहीचं मुख्यालयही हल्ल्यात गेलं. शस्त्र उचलायचं नाही ही शिकवण तिथे रोजच्या जगण्यात पारखली जातेय.

अमेरिकेत १९६० च्या आसपास सभासद दोन लाखांच्या घरात होते, आता एक लाखाच्याही खाली आलेत. समलिंगी नात्यांवरून आणि बायबलचा अधिकार कसा मानायचा यावरून वाद पेटला, २०२० च्या सुमाराला काही मंडळ्या बाहेर पडून कॉव्हेनंट ब्रेदरन चर्च झाल्या. उरलेल्यांनी काही वर्षं गावोगाव बैठका घेऊन, आपण कशासाठी आहोत हे एकमेकांना विचारून, २०२१ मध्ये एक दिशा ठरवली, सारांश एवढाच की येशू आपल्या शेजारपाजारात दिसला पाहिजे. विश्वासांगीकार त्यांनी याही वेळी लिहिला नाही.