स्थैर्य आणि संरक्षण: उच्च तापमान अतिसंवाहक चुंबकांपुढील दोन निराळे प्रश्न

अतिसंवाहक चुंबकांच्या चर्चेत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. चुंबक क्वेंच होण्याची, म्हणजे त्याची अतिसंवाहकता (रोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण) अचानक नाहीशी होण्याची शक्यता किती, हा एक प्रश्न. आणि तसे झालेच तर तो जळण्याआधी वाचवता येईल का, हा दुसरा. अभियंते पहिल्याला स्थैर्य म्हणतात आणि दुसऱ्याला संरक्षण. उच्च तापमान अतिसंवाहकांचे, म्हणजे तुलनेने कमी थंडीतही अतिसंवाहक राहणाऱ्या पदार्थांचे, चुंबक सहसा क्वेंच होत नाहीत, म्हणून ते अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण ज्या गुणधर्मांमुळे या चुंबकांना स्थैर्य लाभते, त्याच गुणधर्मांमुळे त्यांचे संरक्षण अवघड होऊन बसते.

कॉइलचा एखादा लहानसा भाग तापून अतिसंवाहकता गमावतो, तेव्हा तिथे रोध निर्माण होतो आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा त्याला आणखी तापवते. चुंबकात साठलेली सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडण्याची वाट शोधू लागते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरणयंत्राच्या एका द्विध्रुवी चुंबकात पूर्ण धारेला, म्हणजे ११,८५० अँपिअरला, सुमारे ७० लाख जूल ऊर्जा असते. ती चुंबकभर पसरली तर कॉइल नुसती गरम होते. काही सेंटिमीटर तारेत एकवटली तर ती तार वितळते.

आधी स्थैर्याचा विचार करू. कोलायडरचे चुंबक नायोबियम-टायटॅनियमचे आहेत. या मिश्रधातूची अतिसंवाहकता ९.२ केल्विनपर्यंत (शून्य केल्विन म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) टिकते आणि चुंबक १.९ केल्विनवर चालवले जातात. पण चुंबकीय क्षेत्र आणि धारा यांचा भार लक्षात घेतला, तर हाताशी उरणारी तापमानाची सवड, म्हणजे अतिसंवाहकता जाण्याआधी तापमान जितके वाढू शकते तितके अंतर, जेमतेम दीड केल्विनची असते. शिवाय इतक्या थंडीत धातूंची उष्माधारकता, म्हणजे तापमान वाढवायला लागणारी उष्णता, नगण्य असते. त्यामुळे एखादी तार काही मायक्रॉन सरकली किंवा भोवतालच्या रेझिनला बारीक तडा गेला, तरी त्यातून सुटणारी किंचित ऊर्जा क्वेंचला पुरते.

रेबको या दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या उच्च तापमान अतिसंवाहक संयुगाची अतिसंवाहकता सुमारे ९० केल्विनपर्यंत टिकते. त्याचा चुंबक २० केल्विनवर चालवला तरी सवड बरीच मोठी राहते. शिवाय ४ केल्विनच्या तुलनेत २० केल्विनला तांब्याची उष्माधारकता कित्येक दसपट असते. जिथे नायोबियम-टायटॅनियमला मिलिजूल किंवा त्याहूनही कमी ऊर्जा पुरते, तिथे रेबकोला जूलच्या घरातली ऊर्जा लागते. स्थैर्याच्या बाबतीत रेबको निर्विवाद सरस आहे.

संरक्षणात मात्र चित्र उलटते. रोधयुक्त भाग शेजारच्या तारेला तापवत पुढे सरकतो आणि शेजारचा भाग तापवणे जितके कठीण, तितका त्याचा वेग कमी. नायोबियम-टायटॅनियमच्या चुंबकात हा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असू शकतो. रेबकोत तो सेकंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असतो. कोलायडरमध्ये रोधामुळे निर्माण होणारा १०० मिलिव्होल्टचा संकेत १० मिलिसेकंद टिकला की क्वेंच झाल्याचे मानले जाते. तेवढ्या अवधीत वीस मीटरच्या वेगाने रोधयुक्त भागाची कड प्रत्येक बाजूला वीस सेंटिमीटर पुढे जाते. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने ती फक्त एक दशांश मिलिमीटर सरकते. संकेत पुरेसा मोठा होईपर्यंत सारी उष्णता तेवढ्याच जागी साचत राहते.

रेबकोची कॉइल ज्या चपट्या पट्टीची गुंडाळतात, ती ४ मिलिमीटर रुंदीची रेबको टेप घ्या. तिची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातला सुमारे निम्मा भाग हॅस्टेलॉय या कणखर पण विजेच्या दृष्टीने निकामी मिश्रधातूचा, वर दोन-एक मायक्रॉनचा अतिसंवाहक थर, त्यावर चांदीचा पातळ लेप आणि बाहेरून दोन्ही बाजूंना प्रत्येकी वीसेक मायक्रॉन तांबे. अतिसंवाहकता गेली की धारेचा सारा भार या तांब्यावर येतो, आणि त्याचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिलिमीटर इतकेच असते. २०० अँपिअर धारा असेल आणि उष्णतेला निसटायला वाट नसेल, तर ढोबळ हिशेबाने ही जागा सेकंदाच्या आत खोलीच्या तापमानापलीकडे जाते. त्या वेळी मिळणारे व्होल्टेज काही दहा मिलिव्होल्टचे असते, आणि चुंबकाची धारा वाढवताना किंवा कमी करताना कॉइलमध्ये आपोआप निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या गोंधळात ते सहज लपते.

न पसरणारा दोष किती महागात पडतो, हे जुन्या पदार्थाच्या यंत्रातही दिसले आहे. १९ सप्टेंबर २००८ रोजी कोलायडरमध्ये दोन चुंबकांना जोडणाऱ्या वाहकपट्टीचा एक सदोष सांधा तापला. तिथली टेहळणी यंत्रणा १ व्होल्टच्या मर्यादेवर बेतलेली होती. तिने वीज तोडेपर्यंत फार उशीर झाला होता. विद्युत ठिणगीने हेलियमचे आवरण भेदले, टनावारी हेलियम बाहेर पडला आणि ५३ चुंबक बोगद्यातून काढावे लागले. त्यानंतर बसवलेल्या यंत्रणेत सांध्यांसाठीची मर्यादा ०.३ मिलिव्होल्टवर आणली गेली. रेबकोच्या कॉइलमध्ये अशी मंद, जागच्या जागी राहणारी उष्णता हाच नेहमीचा धोका आहे, म्हणून ही घटना मला त्या संदर्भात फार मोलाची वाटते.

नायोबियम-टायटॅनियमसाठी रुळलेला उपाय असा, की दोष दिसताच कॉइलला चिकटवलेल्या हीटरच्या पट्ट्या पेटवायच्या आणि सारा चुंबक मुद्दाम क्वेंच करून ऊर्जा वाटून टाकायची. रेबकोमध्ये इथे स्थैर्यच आड येते, कारण मोठी सवड ओलांडायला हीटरही तितकेच दणकट लागतात. तरीही हे जमते. अमेरिकेतील टॅलाहासी येथील राष्ट्रीय उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेत २०१७ साली ३२ टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) पोहोचलेल्या चुंबकात रेबको कॉइलच्या रक्षणासाठी असेच हीटर बसवले आहेत.

दुसरा मार्ग वेढ्यांमधले विद्युतरोधक आवरणच काढून टाकण्याचा आहे. मग एखादी जागा बिघडली की धारा तिला वळसा घालून शेजारच्या वेढ्यात शिरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी संलयन अणुभट्टीसाठी, म्हणजे हलकी अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रासाठी, बनवलेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये २० केल्विनवर २० टेस्ला गाठलेल्या चुंबकात हीच रचना होती. नंतर त्याचा वीजपुरवठा मुद्दाम तोडून सर्वांत वाईट परिस्थिती आजमावली, तेव्हा चुंबकाचा बहुतांश भाग शाबूत राहिला, पण एका कोपऱ्यात वितळण्याइतकी उष्णता साचली. म्हणजे अशा चुंबकाला आपोआप संरक्षण मिळते हे लहान कॉइलपुरते बरेच खरे असले, तरी आकार वाढला की ते गृहीत धरता येत नाही. आवरण नसलेल्या कॉइलमध्ये क्षेत्र धारेच्या मागे रेंगाळते, हीही अडचण आहेच. संलयनासाठी ती चालवून घेता येते. पण त्वरणयंत्रात क्षेत्र धारेबरोबर काटेकोरपणे चढावे लागते. तिथे आवरण ठेवणे भाग पडते, आणि म्हणूनच टेपच्या सोबतीने ऑप्टिकल फायबर गुंडाळून, व्होल्टेजची वाट न पाहता, तापलेली जागा थेट तापमानावरून हुडकण्याचे प्रयोग चालू आहेत.