सैनिकी टपाल आणि घरच्या भेटी (गोवा)

परदेशी तैनातीवरच्या सैनिकाला घरून जाणारी पत्रे, पार्सले व देवाचा प्रसाद आणि हे सर्व पोचवणारी टपालव्यवस्था. गोव्यात या प्रथेचे दोन भाग पडतात. १९६१ पर्यंत पोर्तुगाल व आफ्रिकेतून आलेले शिपाई इथे घरच्या पत्राची वाट पाहत. पुढे भारतीय सेनेत गेलेला गोमंतकीय तरुण बाहेरून ती पाहू लागला.

पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला धाडण्याचा हुकूम सुटला, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १८९५ मध्ये बंड केले व सत्तरीतील नाणूसचा किल्ला गाठला. सत्तरीच्या राणे घराण्यातील दादा राणे त्यांना मिळाले. समुद्रोल्लंघनाचा निषेध हे कारण पुष्कळदा दिले जाते. कुटुंबासाठी मागितलेला भत्ता नाकारला गेला, हे दुसरे कारण. ते अधिक पटते. दर्यापलीकडे गेलेल्याचा पगार घरी कसा पोचणार, ही चिंता धर्मनियमाहून कमी निकडीची नसावी.

१९५५ मध्ये सुरू झालेली पोर्तुगीज भारताची विमानसेवा दाबोळीहून कराचीला टपाल नेई. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने गोवा घेतला, तेव्हा तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. मे १९६२ पर्यंत ते मायदेशी परतले.

भारतीय क्षेत्रीय टपालाचा, म्हणजे मोहिमेवरच्या सैन्याच्या टपालाचा, आरंभ सामान्यतः १८५६ च्या इराण मोहिमेपासून धरतात. सेना टपाल सेवेचे स्वतंत्र दल १ मार्च १९७२ रोजी झाले. शांतिसेनेसाठी नेहमीच्याच तिकिटांवर अधिमुद्रण होई, म्हणजे वरून जादा मजकूर छापला जाई. १९५३ च्या कोरिया तुकडीच्या तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा नागरी मजकूर आहे. १९५४ पासून हिंदचीनमधील आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगासाठी कंबोज, लाओस व व्हिएतनाम यांची नावे नागरीतच छापली. १९६२ च्या काँगोच्या व १९६५ च्या गाझाच्या तिकिटांवर मात्र रोमन अक्षरे आली. ही तिकिटे सैनिकाकडून घरी येणाऱ्या पत्रांवर लागत. घरून जाणारे पत्र साध्याच तिकिटावर जाई, म्हणून संग्राहकांनी त्याची फारशी कदर केली नाही.

घरच्या पत्रावर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सेना टपाल कार्यालय) एवढेच असे. देशाचे नाव नसे. सत्तरीतील वाळपईच्या टपालपेटीत पत्र टाकणाऱ्या आईला मुलगा कुठल्या मुलखात आहे हे पत्त्यावरून कळत नसे. घरात बोली कोकणी असली तरी हिंदू कुटुंबांत पत्र बहुधा मराठीत: ‘चि. … यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवणे.’ लिहिता न येणाऱ्यांचे पत्र गावचे मास्तर लिहून देत. त्यामुळे म्हैस व्याली, पाऊस लांबला, अशा बातम्यांनाही शाळेतल्या निबंधाचा सूर लागे.

पार्सल जुन्या मांजरपाटात शिवत, टाक्यांवर लाखेची मोहोर उठवत व पत्ता निळीच्या पाण्याने किंवा शाईने कापडावरच लिहीत. आत काजूगर, आमसुले, रव्याचे लाडू, आणि कागदाच्या पुडीत देवळातला अंगारा. सुकी सुंगटे (कोळंबी) घालण्याचा मोह सर्वांनाच होई. त्यांचा वास लाडवांना लागतो, हे पहिले पार्सल उघडल्यावर मुलगाच उत्तरात कळवी. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) खोबरे सुके भाजून घातले तरच टिकत.

लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९९८ पासून भारतीय तुकडी आहे. तिथली खुशाली आता मोबाइलवरच कळते. टपालाने राखी, अंगारा आणि नेवऱ्या तेवढ्या जातात.