पाय उचलला आणि शेपूट फिरली

जग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११ या दोन स्पोर्ट्स गाड्यांची तुलना निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोर्शेचं इंजिन चुकीच्या जागी आहे." मला ते पटत नाही.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. विमान उद्योगातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार गणिताने काढला. लांबलचक बॉनेटखाली एका रांगेत सहा सिलिंडर, ३.८ लिटर. नाक एवढं लांब म्हणजे गाडी पुढे जड असणार असं वाटतं, पण वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं आहे. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दिसलेल्या ९११चं दोन लिटरचं, हवेने थंड होणारं इंजिन मात्र मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे. सुमारे ६० टक्के वजन मागे.

(ई-टाइपचे २६५ हॉर्सपॉवर आणि ९११चे १३० शेजारी ठेवून निकाल लावू नका. पहिला आकडा अमेरिकी 'ग्रॉस' पद्धतीचा, म्हणजे सुट्या इंजिनाचा; दुसरा जर्मन डीआयएन पद्धतीचा, म्हणजे गाडीतली जोडणी लावून मोजलेला. तराजूच वेगळे आहेत.)

आता वळणावर या. गाडीला वळणात धरून ठेवतं ते टायरचं घर्षण, आणि टायरवर जितका भार तितकी पकड. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात तर वेग घटतो आणि भार पुढे सरकतो. किती? वस्तुमान, गुणिले वेग घटण्याचा दर, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर. ९११ साधारण १०८० किलोची, हे अंतर २.२११ मीटर. उंची अर्धा मीटर आणि घटण्याचा दर ०.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाचा पाचवा भाग) धरला तर मागच्या चाकांवरून सुमारे ४९ किलो भार निघून जातो. पण तिथलं इंजिन तेवढंच जड राहतं आणि सरळ जाऊ पाहतं. टायर सुटतो, शेपूट बाहेर फिरते. ई-टाइपमध्येही भार सरकतो, पण मागे लोंबणारं एवढं वजन नाही.

हातोडी दांड्याच्या टोकाला धरून मनगट फिरवून पाहा. फिरायला लागली की थांबवणं किती अवघड जातं ते हाताला कळतं. यात शाप नाही की गाडीचा पायगुण नाही.

आणि याच वजनाचा फायदा वळणातून बाहेर पडताना मिळतो. पाय दाबला की भार मागे येतो, नेमका इंजिन फिरवतं त्या चाकांवर. आपल्या रिक्षाचंही इंजिन मागेच असतं; ओल्या चढावर तिला ते वजन उपयोगी पडतं.

पोर्शेने सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये ओतीव लोखंडाची वजनं बसवून तोल सावरायचा प्रयत्न केला. खरा उपाय १९६९च्या मॉडेलमध्ये आला. इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली.