सगळं आठवतं, तरीही डिमेन्शिया

‘त्यांना सगळं आठवतं हो, मग डिमेन्शिया कसा असेल?’ नागपुरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही हा प्रश्न हमखास येतो. स्मृतिभ्रंश म्हटलं की सत्तरी ओलांडलेले, घराचा रस्ता चुकलेले आजोबाच डोळ्यांपुढे येतात. ते चित्र बव्हंशी अल्झायमरचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रूस विलिस या अभिनेत्याच्या कुटुंबीयांनी त्याच्या आजाराचं नाव जाहीर केलं, तेव्हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (एफटीडी) हे शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. मेंदूचा पुढचा आणि कानांजवळचा भाग झिजवणारा हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात गाठतो. घराचे हप्ते चालू असतात, मुलं शिकत असतात आणि चेकवर सही याच माणसाची लागते.

पहिल्यांदा बदलतो तो स्वभाव. हिशेबाचा पक्का माणूस फोनवर आलेल्या कुठल्याही योजनेत पैसे घालतो. तेराव्याच्या पंगतीत मोठ्याने विनोद करतो. बायको तापाने फणफणली असताना जेवण का झालं नाही एवढंच विचारतो. गोडाला हात न लावणारा संत्रा बर्फीचा अख्खा डबा संपवून दुसरा मागतो. कुणी रोज ठरल्या मिनिटाला फुटाळा तलावावर जाऊन येतो आणि एक दिवस चुकला तर चिडतो. कुणी नुसताच बसून राहतो, त्याच्यावर नैराश्याचा शिक्का बसतो. काहींची भाषा आधी जाते: बोलताना शब्द अडतात, किंवा जन्मभर स्वयंपाक केलेली बाई विचारते, ‘झारा म्हणजे काय?’

असं का होतं, हा भाग मला या आजारात सर्वांत विलक्षण वाटतो. रस्त्यावरचा हॉर्न, खिशातला फोन, समोरच्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी, यातलं या क्षणी महत्त्वाचं काय, हे मेंदूतलं एक जाळं ठरवतं. छातीतली धडधड, पोटात पडलेला खड्डा अशा शरीराच्या आतल्या खबराही तिथेच पोहोचतात, आणि त्यातूनच लाज, कणव, संकोच जाणवतात. या जाळ्यात लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा मोठ्या चेतापेशी असतात. मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९२० च्या दशकात त्यांचं सविस्तर वर्णन केलं. मानवाखेरीज मोठे वानर, हत्ती आणि देवमासे यांच्यातही त्या सापडतात. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की एफटीडीत नेमक्या याच पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. अल्झायमरमध्ये त्या बऱ्याच अंशी टिकून असतात.

त्याच वर्षी टीडीपी-४३ हे प्रथिनही ओळखलं गेलं. एफटीडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत तेच बिघडलेलं असतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांत टाऊ हे दुसरं प्रथिन. टीडीपी-४३ ची जागा पेशीच्या केंद्रकात. जनुकावरून आरएनएची प्रत निघाली की तिच्यातले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडले जातात, आणि त्यात भलता तुकडा शिरू नये यावर टीडीपी-४३ नजर ठेवतं. आजारात ते केंद्रकाबाहेर येऊन पेशीद्रवात गुठळ्या करतं. आत पहारा उरत नाही, भलते तुकडे प्रतीत घुसतात आणि स्टॅथमिन-२ सारखी, चेतातंतूंच्या दुरुस्तीला लागणारी प्रथिनं पुरेशी बनत नाहीत. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात त्या मोटर न्यूरॉन डिसीजमध्येही हाच बिघाड दिसतो, म्हणून एफटीडीच्या काही रुग्णांचे स्नायूही पुढे दुबळे होतात.

इतकं स्पष्ट जैविक कारण असताना ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून घरचे लोक मांत्रिकाकडे जातात, याचा मला संताप येतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असलेल्या राज्यात हे चालू आहे. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकांच्या जाहिरातींवरही पैसे घालवू नका. एफटीडी थांबवणारं औषध आज नाही, आणि अल्झायमरसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही, कधी चिडचिड वाढवतं.

स्वतःकडे पाहण्याची क्षमताही याच आजारात लवकर ढासळते. त्यामुळे ‘मला काहीतरी होतंय’ असं रुग्ण सहसा म्हणत नाही. ते घरच्यांनाच ओळखावं लागतं. काय बदललं, केव्हापासून, हे प्रसंगांसह लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि डॉक्टरांशी थोडं वेगळं बसून बोला, कारण स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीत हा माणूस उत्तम गुण मिळवू शकतो. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या, एमआरआय हे ओघाने येतंच. सुरुवातीचा एमआरआय चांगला आला तरी वागणं बिघडतच असेल तर पुन्हा दाखवा.

निदानानंतर बरेच जण आममुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून निश्चिंत होतात. ते पुरेसं नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. अशा याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे करता येतात, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून माणूस समजून सही करू शकतो तोवर बँकेची खाती संयुक्त करा. मृत्युपत्र करा आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय देतो. शेवटच्या आजारातल्या व्हेंटिलेटरसारख्या उपचारांसाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) लागतं. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोर करता येतं. आणि फोनवरची बँकेची ॲप, क्रेडिट कार्डाची मर्यादा, गाडीची किल्ली यांचा निर्णय निदान झालं त्याच आठवड्यात घ्या.