न उडालेला सापळा

जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ओवा-कापराच्या पुरचुंड्या परत अवतरल्या. म्हणे चीनचा नवा विषाणू! हा ‘नवा’ विषाणू नेदरलँड्समध्ये सापडला २००१ साली, आणि १९५८पासून जपलेल्या रक्तनमुन्यांतही त्याच्या अँटिबॉडी निघाल्या. करोनाशी त्याचं नातं नाही. तो आरएसव्हीचा, म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना छळणाऱ्या विषाणूचा, चुलतभाऊ. त्याच ओघात एका काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला: करोनाची लस वर्षभरात आली, म्हणजे घाईत उरकलेलीच ना?

पैसा होता, चाचण्यांचे टप्पे एकमेकांना लागून झाले, हे आहेच. पण खरी तयारी आरएसव्हीवर झाली होती.

१९६६च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या बाळांना फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस टोचली. एका चाचणीत लस घेऊनही संसर्ग झालेल्यांपैकी ८० टक्के बाळं रुग्णालयात गेली. दोन दगावली. अँटिबॉडी तयार झाल्या होत्या, पण कुचकामी.

या विषाणूच्या अंगावर ‘एफ’ नावाचं प्रथिन असतं, उंदरासाठी लावून ठेवलेल्या सापळ्यासारखं ताणलेलं. पेशीला भिडलं की खटका उडतो, दुमडलेला भाग सुळ्यासारखा पेशीत रुततो आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं. एकदा उडालेला सापळा पुन्हा लागत नाही. आणि तो इतका नाजूक, की नुसत्या उष्णतेनेही उडतो. त्या जुन्या लशीत बहुतेक सापळे आधीच उडालेले होते. शरीराने उडालेला आकार ओळखून ठेवला. येणारा विषाणू मात्र ताणलेल्या सापळ्यासह येतो.

२०१३मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम या अमेरिकी संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी न उडालेल्या ‘एफ’ची रचना टिपली, मग काही अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) बदलून खटकाच जाम केला. करोनाच्या अंगावरचं स्पाइक प्रथिनही याच धाटणीचं. त्यात ९८६ आणि ९८७ या जागांवर प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवलं. प्रोलिनची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच कण्याला जोडलेली असते, त्यामुळे तिथे प्रथिनाला लांब, सरळ सर्पिल होता येत नाही, आणि तसं झाल्याशिवाय सापळा उडत नाही. ही युक्ती करोनाच्याच कुळातल्या मर्सच्या विषाणूवर २०१७मध्येच जमली होती. जानेवारी २०२०मध्ये करोनाचा जनुकक्रम हाती आला, तेव्हा पाचर कुठे मारायची हे ठाऊक होतं.

फायझर, मॉडर्नाने ती मारली. पुण्यात बनलेल्या कोविशिल्डमध्ये प्रोलिनची ही जोडी नव्हती, तरी ती लस चालली. जीवशास्त्र असं एका सूत्रात बसत नाही.

आणि ज्याच्यावर हे सगळं शिकलो, त्या आरएसव्हीच्या पहिल्या लशीला अमेरिकेत मंजुरी मिळाली मे २०२३मध्ये, करोनाच्या लशीनंतर.